पळणाऱ्याचे पाणी

गावची पोरं फौजेच्या भरतीसाठी पहाटे पळतात. "पळताना पाणी पिऊ नये," असे काहीजण सांगतात. ते खरे नाही. घामावाटे अंगातले पाणी आणि मीठ जाते. पाणी फार कमी झाले की डोके दुखते, चक्कर येते.

म्हणून पोरांना सांगा : निघण्याआधी पेलाभर पाणी प्या. लांब पळताना तहान लागेल तसे घोट घोट प्या. एकदम तांब्यावर तांब्या पिऊ नका. अती पाणीही घातक. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडले असे समजा.

उन्हात पळताना कोणी बरळू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत घ्या. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

घोटभर पाण्यात कमीपणा नाही.