पराक्रम आणि पसारा



‘द इन्क्रेडिबल्स’ हा ब्रॅड बर्ड यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला विनोदी ॲनिमेशनपट पिक्सारने २००४ साली काढला. सगळी पात्रे माणसेच असलेला हा पिक्सारचा पहिला चित्रपट. सर्वोत्तम ॲनिमेशनपट आणि ध्वनिसंकलन या दोन विभागांत त्याला ऑस्कर मिळाले. हिंदीत तो ‘हम हैं लाजवाब’ या नावाने आला, आणि त्यातल्या बापाला शाहरुख खान यांनी आवाज दिला होता. मुलांचा चित्रपट म्हणून तो एकदा पाहून सोडून दिला जातो. पण पराक्रम म्हणजे काय आणि तो कुणी करायचा, हे समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला पाठ क्वचितच सापडेल.

चित्रपटाची सुरुवात महानायकांच्या मुलाखतींनी होते. मिस्टर इन्क्रेडिबल म्हणतो की कधीकधी हे सगळे सोडून साधे जगावे, संसार करावा असे वाटते. इलास्टिगर्लला मात्र संसारात स्थिरावण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटते. जग वाचवण्याचे काम पुरुषांवर सोपवायला ती मुळीच तयार नाही. पुढे खटले होतात, महानायकांवर बंदी येते आणि पंधरा वर्षे उलटतात. तेव्हा संसाराची ओढ असलेला मिस्टर इन्क्रेडिबल, म्हणजे बॉब, विमा कंपनीच्या टेबलाशी घुसमटतो, रात्री मित्राबरोबर गाडीत बसून पोलिसांचे बिनतारी संदेश चोरून ऐकतो. आणि पुरुषांवर काही सोडायचे नाही म्हणणारी इलास्टिगर्ल, म्हणजे आता त्याची बायको असलेली हेलन, तीन मुले, जेवणाचे टेबल आणि घराची आवराआवर सांभाळते. हा बदल कसा घडला हे चित्रपट सांगत नाही. दोघांनी बसून ठरवल्याचा एकही प्रसंग नाही. बाईचे काम असेच, न विचारता, तिच्या वाट्याला येते. चित्रपटाचा सगळा थाट साठच्या दशकातल्या अमेरिकी उपनगरांचा आहे, हे इथे ध्यानात ठेवावे. त्याच उपनगरांतल्या सुशिक्षित गृहिणींच्या मनातील पोकळीबद्दल बेटी फ्रीडन यांनी १९६३ साली पुस्तक लिहिले होते.

पात्रांच्या शक्ती बर्ड यांनी कुटुंबातल्या भूमिकांवरूनच योजल्या आणि तसे त्यांनी सांगितलेही आहे. बापाकडून बळाची अपेक्षा असते, म्हणून बॉब बलवान. आईला दहा दिशांनी ओढले जाते, म्हणून हेलन ताणली जाते. किशोरवयीन मुलीला कुणी आपल्याकडे पाहू नये असे वाटते, म्हणून व्हायलेट अदृश्य होते आणि स्वतःभोवती कवच उभे करते. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगात वारे भरलेले असते, म्हणून डॅश पळतो. बाळाचे पुढे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसते, म्हणून जॅक-जॅकजवळ सगळेच आहे. कल्पना सुरेख आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. ज्या साच्यांबद्दल तक्रार करायची, त्याच साच्यांतून या शक्ती घडल्या आहेत. मुलगा धावतो आणि मुलगी लपते, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

तरीही चित्रपट त्या साच्यांच्या पुढे जातो, आणि तो पुढे जातो हेलनमुळे. नवऱ्याच्या शोधात ती स्वतः विमान चालवत निघते. क्षेपणास्त्रे अंगावर येतात तेव्हा ती व्हायलेटला विमानाभोवती कवच उभारायला सांगते. मुलीला ते जमत नाही आणि विमान फुटते. हेलन दोन्ही मुलांना अंगाखाली घेते, पडताना स्वतःची हवाई छत्री करते, पाण्यात पडल्यावर होडी होते. आईपण आणि पराक्रम इथे एकाच देहात, एकाच क्षणी दिसतात. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. पण त्याहून मोठा क्षण नंतर गुहेत येतो. व्हायलेट स्वतःला दोष देत असते, तेव्हा हेलन आपलीच चूक मान्य करते: मुलीवर अचानक एवढे ओझे टाकायला नको होते. मग ती तिला विश्वास देते की वेळ आली की काय करायचे ते तुला कळेल. मोठ्या माणसाने मुलापुढे चूक कबूल करणे, यालाही शौर्य म्हणायला हवे.

बॉबचा खरा पराक्रमही त्याच्या दंडात नाही. शेवटच्या लढाईआधी तो बायकोमुलांना बाजूला थांबायला सांगतो. हेलनला हा पुरुषी ताठा वाटतो आणि ती भडकते. तेव्हा तो कबूल करतो की तुम्हाला पुन्हा गमावण्याइतके बळ माझ्यात नाही. आगगाडी अडवणारा माणूस ‘मला भीती वाटते’ असे म्हणतो, तिथून पुढे सगळे मिळून लढतात. मराठीत ‘मर्दुमकी’ आणि ‘पुरुषार्थ’ या शब्दांतच पुरुष बसलेला आहे, आणि भित्र्याला ‘बांगड्या भर’ म्हणण्याची खोड अजून गेलेली नाही. अशा भाषेत वाढलेल्या प्रेक्षकाने तरी ते दृश्य दोनदा पाहावे.

उणिवाही आहेत आणि त्या झाकू नयेत. तो ‘मिस्टर’ आणि ती ‘गर्ल’, हा भेद नावांतच आहे. हेलन बॉबला सोडवायला पोचते तेव्हा त्याच्या मिठीत खलनायकाची साहाय्यक मिराज दिसते, आणि तिचा पहिला ठोसा मिराजवर पडतो. बॉबचा मित्र फ्रोझोन याची बायको हनी पडद्यावर येतच नाही. संकटाच्या वेळी नवऱ्याचा पोशाख द्यायला नकार देणारा एक आवाज एवढीच तिची ओळख, आणि तो विनोदाचा विषय. याउलट एडना मोड पाहावी: ठेंगणी, वयस्क पोशाखकार. ती कुणाची आई नाही, कुणाची प्रेयसी नाही, आणि कामातला तिचा अधिकार वादातीत आहे. पाठीवरच्या केपमुळे जीव जातात हे ती आधीच बजावते आणि खलनायक सिंड्रोम अखेर केपमुळेच मरतो. हेलन रडत खचते तेव्हा तिला तिच्या जुन्या नावाची आठवण करून देऊन उभी करणारीही एडनाच.

२०१८च्या दुसऱ्या भागात कामांची अदलाबदल होते. उद्योगपती विन्स्टन डीव्हर महानायकांवरची बंदी उठवण्याच्या मोहिमेसाठी हेलनला निवडतो, कारण तिच्या कामगिरीत नासधूस कमी होते. बॉब घरी राहतो आणि डॅशचे गणित, व्हायलेटचे फिसकटलेले प्रेम, बाळाच्या अनावर शक्ती यांत पार गळून जातो. हे प्रसंग हसवतात आणि हलवतातही. मात्र इथे नीट पाहावे: बापाचे काही दिवसांचे घरकाम अर्ध्या चित्रपटाची कथा होते, त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पडद्यावर मोठी दिसतात. हेलनची पंधरा वर्षे पहिल्या भागात दोन-चार दृश्यांत उरकली होती. घरकाम कठीण आहे हे मान्य व्हायला ते पुरुषाने करावे लागले. कुठलाही चित्रपट पाहताना कुणाचा थकवा दाखवला आहे आणि कुणाचा गृहीत धरला आहे, हे विचारण्याची सवय इथून लावून घ्यावी.

व्हायलेटची वाट मात्र दोन्ही भागांत सरळ पुढे जाते. पहिल्या भागाच्या आरंभी टोनी नावाचा मुलगा दिसताच ती अदृश्य होते. केस तोंडावर ओढलेले असतात. शेवटी केस मागे घेतलेले असतात आणि ती त्याच्याशी बोलते. दुसऱ्या भागाच्या अखेरीस ती त्याच्याबरोबर चित्रपटाला निघते, घरचे सगळे गाडीत असतात, आणि रस्त्यात गुन्हेगारांचा पाठलाग दिसतो. ती टोनीला चित्रपटगृहाशी उतरवते, पॉपकॉर्नचे पैसे त्याच्या हातात देते, मधली जागा धरायला सांगते आणि कामाला निघून जाते.