व्ही. के. राजवाडे म्हणजे कोणते?

झोटेरोसारख्या संगणकप्रणालीत डीओआय क्रमांक घातला की संदर्भाची नोंद आयती येते. पण लेखकाचे नाव प्रकाशकाने नोंदविले असेल तेवढेच येते, पुष्कळदा नुसती आद्याक्षरे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे इतिहासाचार्य. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हे निरुक्ताचे अभ्यासक. मराठीत ‘वि. का.’ व ‘वै. का.’ निराळे, रोमन लिपीत मात्र दोघेही ‘व्ही. के.’! शिरूर-दौंडहून पुण्याच्या ग्रंथालयात जाण्यात आपला दिवस मोडतो; तेथे भलत्याच राजवाड्यांचा ग्रंथ हाती आला तर फेरी फुकट. म्हणून मी नोंद ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहतो आणि आडनाव एका रकान्यात, उरलेले नाव दुसऱ्यात पूर्ण लिहितो. पूर्ण नावाची आद्याक्षरे प्रणाली स्वतः करते. आद्याक्षरांवरून पूर्ण नाव तिला करता येत नाही. ते काम अभ्यासकाचेच.