खुब्याच्या उखळीची पुनर्बांधणी

गिरगावातील खोताची वाडी ही लाकडी जिने आणि उतरती छपरे असलेल्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. अशा घरातील वृद्धांच्या दृष्टीने जिना चढता येणे म्हणजेच स्वावलंबन होय. खुब्याचा सांधा निकामी झाल्यास हे स्वावलंबन संपते व कृत्रिम सांधा बसविल्याने ते परत मिळते. तथापि, कृत्रिम सांधाही कालांतराने झिजतो. तो बदलण्याची वेळ येते तेव्हा ज्या हाडात नवा सांधा बसवावयाचा, ते हाडच पुष्कळदा नाहीसे झालेले असते. ते पुन्हा कसे उभे केले जाते व त्यात समाजाचा वाटा कोणता, हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

हाड का नाहीसे होते?

खुबा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील उखळीत फिरतो. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी १९६२ पासून धातूचा माथा आणि पॉलिएथिलीनची उखळी अशी रचना वापरात आणली. चालताना या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात. परंतु त्यांना ते पचविता येत नाहीत. त्यातून उत्पन्न होणाऱ्या दाहामुळे हाड विरघळविणाऱ्या पेशी उद्दीपित होतात आणि उखळीमागील हाड पोखरले जाते. सांधा सैल होणे व जंतुसंसर्ग हीदेखील हाड झिजण्याची कारणे आहेत.

यातील गंभीर बाब अशी, की ही झीज बराच काळ वेदनेविना चालू राहते. रुग्ण लंगडू लागतो तोवर मोठी पोकळी झालेली असू शकते.

दुरुस्तीच्या पद्धती

शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या तपासण्या करून व आवश्यक तेव्हा सांध्यातील द्रव तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून घेतली जाते. क्ष-किरण चित्र व सीटी स्कॅन यांवरून हाड कोठे व किती उरले आहे, हे ठरविले जाते. या कामी पॅप्रोस्की यांचे १९९४ मधील वर्गीकरण रूढ आहे.

उखळीचा काठ शाबूत असेल, तर पूर्वीपेक्षा मोठी, सच्छिद्र पृष्ठभागाची धातूची वाटी स्क्रूंनी बसविली जाते. पोकळीत हाडाचे बारीक तुकडे ठासून भरण्याची पद्धत नेदरलँड्समधील स्लूफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. या तुकड्यांच्या आधाराने रुग्णाचे स्वतःचे हाड हळूहळू तयार होते. काठाचाच भाग गेला असल्यास टँटलमसारख्या धातूच्या सच्छिद्र पाचरी लावतात. कमरेचे हाड उखळीपाशी आडवे दुभंगले असेल, तर धातूचा पिंजरा, पट्टी किंवा त्या रुग्णाच्या मापाने घडविलेला भाग वापरावा लागतो. हानी जितकी अधिक, तितकी शस्त्रक्रिया मोठी व यशाची खात्री कमी.

परळची ऊतिपेढी

ठासण्यासाठी लागणारे हाड आणावयाचे कोठून? खोताच्या वाडीपासून काही किलोमीटरवर, परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे साहाय्य तिला लाभले. पहिल्यांदा खुबा बदलताना रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकावा लागतो. एरवी टाकाऊ ठरणारा हा माथा रुग्णाच्या संमतीने अशा पेढीला देता येतो. दात्याच्या रक्ताची कावीळ व एचआयव्हीसाठी तपासणी होते. हाड स्वच्छ करून, गोठवून सुकविले जाते व गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. अशा निर्जंतुकीकरणाची सोय मुंबईत ट्रॉम्बे येथील ‘आयसोमेड’ संयंत्रात १९७४ पासून झाली. अवयव प्रत्यारोपणविषयक १९९४ च्या केंद्रीय कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला.

एकाचा झिजलेला माथा दुसऱ्याच्या उखळीचा आधार बनतो, तो असा.

आपले कर्तव्य

खुबा बदललेल्या प्रत्येक व्यक्तीने दुखत नसले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. बसविलेल्या सांध्याचे नाव व क्रमांक असलेली कागदपत्रे जपून ठेवावीत. ऑगस्ट २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ सांधा जगभर परत मागविण्यात आला, तेव्हा अशा नोंदींचे महत्त्व दिसून आले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर किती भार द्यावा, मांडी घालून वा उकिडवे बसावे किंवा कसे, याबाबत शल्यविशारदांचा सल्ला कटाक्षाने पाळावा.

दात्रकोशिका आजारात खुब्याचा माथा तरुणपणीच निकामी होऊ शकतो. विदर्भातील व आदिवासी भागांतील अशा रुग्णांना आयुष्यात दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव अधिक असतो. म्हणून शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांनी नियमित तपासणी आणि अस्थिदान या दोन्ही गोष्टी गावोगावी समजावून सांगितल्यास अनेकांची पावले पुन्हा भक्कम होतील.