शिल्लक कोणाची?

बल्लारपूरला वर्धेच्या काठी राहणाऱ्यास डोंगा, जाळे व मासळीबाजार नवे नाहीत. आमच्या घरच्या जुन्या पेटीत आजोबांची एक पिवळी पडलेली शेअरची पावती आहे. ज्या मच्छीमार संस्थेची ती पावती, ती संस्था केव्हाच मोडली. तिचा वजनकाटा व बर्फाच्या पेट्या लिलावात गेल्या, एवढेच आजोबा सांगत. सहकाराचा अभ्यास करताना मला प्रश्न पडला, संस्था संपली तर तिचा पैसा कोठे जातो?

उत्तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये सापडते. कलम १०२ अन्वये निबंधक संस्था गुंडाळण्याचा आदेश देतो व कलम १०३ अन्वये अवसायक नेमतो. अवसायक मालमत्ता ताब्यात घेतो, येणे वसूल करतो आणि देणी भागवतो. त्यानंतर भागभांडवलाचा विचार होतो. शासनाने शेअर घेतले असतील, तर तेही एक भागधारकच. एवढ्यावरही काही उरले, तर कलम ११० लागू होते.

हे कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. शासनाच्या पूर्वमंजुरीने ही शिल्लक सभासदांत वाटता येते, किंवा उपविधीत नमूद केलेल्या कामी लावता येते. यांपैकी काहीच न घडल्यास ती निबंधकाकडे विश्वस्त म्हणून राहते. त्याच परिसरात तशाच उद्देशाची नवी संस्था नोंदली गेली, तर ती रक्कम तिच्या राखीव निधीत जाते. तीन वर्षांत अशी संस्था उभी न राहिल्यास मात्र ती सभासदांनी सुचविलेले लोकोपयोगी स्थानिक काम, संघीय संस्था किंवा धर्मादाय कार्य यांकडे वळविता येते.

इंग्लंडातही तत्त्व हेच दिसते. तेथील हेरिंग उद्योग मंडळ (१९३५) व व्हाइट फिश प्राधिकरण (१९५१) ही १९८१ च्या कायद्याने विसर्जित झाली. त्यांची मालमत्ता व देणी मात्र नव्या सागरी मत्स्योद्योग प्राधिकरणाकडे गेली. मंडळे गेली, पण पैसा मासळीच्या धंद्यातच राहिला.

आजोबांना अंगठा उठविता येई, कलम वाचता येत नसे. तीन वर्षांची मुदत असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ढीवर वस्तीतील चार जाणत्यांना ती ठाऊक असती, तर कदाचित नवी संस्था उभी राहिली असती. कायदा शिल्लक राखून ठेवतो, पण मागणाऱ्याने वेळेवर यावे लागते. आपण शिकलेल्यांनी निदान ही तारीख तरी वस्तीत जाऊन सांगावी.