कासवाच्या पिलाचे घर

आपल्या मराठी संतवाणीत कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवी एका तीरावर आणि तिची पिले दुसऱ्या तीरावर. ती त्यांस दूध पाजीत नाही की चारा भरवीत नाही. केवळ आपल्या प्रेमळ दृष्टीने ती त्यांचे पोषण करते, अशी ही कल्पना आहे. ईश्वरी कृपेचे वर्णन म्हणून ती अत्यंत गोड आहे. परंतु प्राणिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुस्थिती निराळी दिसते. गोड्या पाण्यातील कासवाची मादी काठावरील जमिनीत मागील पायांनी खळगा उकरते, त्यात अंडी घालते, माती लोटून तो बुजविते आणि पाण्याकडे परत जाते. पिले अंड्यांतून बाहेर पडतात तेव्हा आई तेथे नसते. त्यांस कोणी ऊब देत नाही, कोणी घास भरवीत नाही.

मग ह्या पोरक्या जीवाचे संगोपन करतो कोण? सूर्य, पाणी, चिखल, पाणवनस्पती आणि पाण्यात आडवे पडलेले एखादे लाकूड, ही सर्व मिळून ते करतात. थोडक्यात, निवासस्थान हीच कासवाच्या पिलाची आई होय. ज्या घरात पिलू पाळावयाचे असेल त्या घराने ही आई उभी केली पाहिजे. ती उभी करता येत नसेल तर पिलू आणू नये. ह्या लेखात आम्ही सांगणार आहोत ते एवढेच. पुढील सर्व सूचना ह्या एका तत्त्वातून निघतात.

कोणते कासव?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या विहिरींत, तळ्यांत व नद्यांत आढळणाऱ्या देशी कासवांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे अथवा घरी ठेवणे हा अपराध आहे. पावसाळ्यात रस्त्यावर किंवा बांधावर एखादे पिलू सापडले, तर ते घरी आणण्याचा मोह टाळावा.

बाजारात रुपयाएवढे जे हिरवेगार पिलू विकावयास ठेवलेले असते, ते बहुधा परदेशी असते. त्याच्या डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो, म्हणून इंग्रजीत त्यास ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात. आपण त्यास लालकाने कासव म्हणू. त्याचे मूळ घर म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. तेथील संथ पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर ही कासवे उन्हे खात बसतात आणि चाहूल लागताच घसरून पाण्यात शिरतात. ह्या घसरण्यावरूनच त्यांस ‘स्लायडर’ हे नाव पडले. ह्या एका नावात पिलाच्या घराचा सगळा आराखडा आहे: वर ऊन, मध्ये कोरडे लाकूड, खाली स्वच्छ पाणी.

जागेचा हिशेब

अंड्यातून निघालेले पिलू सुमारे एक इंच लांब असते; परंतु मादी पुढे दहा ते बारा इंच वाढते, नर त्याहून काहीसा लहान राहतो. नीट जोपासना झाल्यास हे कासव तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगते. म्हणजे आज सहावीत असलेल्या विद्यार्थ्याने पिलू आणले, तर त्याची स्वतःची मुले सहावीत जातील तेव्हाही ते घरात असू शकेल!

कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी, असा साधा नियम जाणकार सांगतात. ह्या हिशेबाने चार इंचांच्या कासवास १६० लिटर व दहा इंचांच्या कासवास ४०० लिटर पाणी हवे. चारशे लिटर पाण्याचे वजन ४०० किलो, म्हणजे जवळजवळ एका म्हशीएवढे होते. लहानग्या पिलासही आरंभी ७० ते ७५ लिटरांची टाकी असावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ४० उंच अशा काचेच्या टाकीत ७२ लिटर पाणी मावते. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, ही शुभवर्तमानातील शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. मधोमध प्लॅस्टिकचे ताडाचे झाड असलेले जे वाडगे पिलाबरोबर विकतात, ते त्याचे घर नव्हे. त्यात पिलू काही आठवडे तग धरते, आणि एके दिवशी मरते, घरातील मंडळी मात्र म्हणतात, “त्याचे आयुष्यच तेवढे होते.” हे खरे नाही. त्याचे आयुष्य मोठे होते, वाडगे लहान होते.

पाणी

पाण्याची खोली पिलाच्या पाठीच्या रुंदीपेक्षा नेहमी अधिक असावी. अगदी उथळ पाण्यात ते उताणे पडले तर त्यास सुलटे होता येत नाही व ते बुडून मरू शकते. पहिले काही दिवस १० ते १५ सेंटिमीटर पाणी ठेवून, मध्ये टेकावयास पाणवनस्पती किंवा लाकूड द्यावे. ते सफाईने पोहू लागले की पाणी वाढवीत जावे. तळाशी बारीक खडी घालू नये, कारण पिले ती गिळतात व आतडे बंद होते. तळ मोकळा ठेवावा, अथवा पिलाच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत गोटे घालावेत.

पिलासाठी पाण्याचे उष्णतामान २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे. कासवाचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. पाणी गार झाले की भूक मंदावते, पचन थांबते आणि रोग शिरतो. ह्या जातीवर उष्णतेचा अंमल जन्माआधीपासून असतो: अंडी सुमारे २६ अंशांवर उबली तर सर्व पिले नर निपजतात, व ३१ अंशांच्या आसपास उबली तर माद्या. कोकणात बहुतेक वर्षभर पाणी पुरेसे कोमट राहते. परंतु पुणे, नाशिक अशा ठिकाणच्या थंडीच्या रात्री मत्स्यालयासाठी केलेला, आपोआप बंद होणारा तापक लागतो. आंघोळीचे पाणी तापविण्याची कांडी त्यात कदापि घालू नये. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची सर्व बटणे बंद करावीत.

स्वच्छतेची बाब रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस विशेष बोधप्रद वाटेल. कासव खाते तेथेच मलमूत्र करते. त्या घाणीपासून अमोनिया तयार होतो, व तो डोळ्यांस व कातडीस जाचतो. गाळणयंत्रातील स्पंजावर उपयुक्त जंतूंची वस्ती होते. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे पुष्कळच कमी अपायकारक असते. ही वस्ती जमण्यास काही आठवडे लागतात. म्हणून स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, कारण त्यातील क्लोरिनने हे जंतू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. कासव माशाहून अधिक घाण करते. तेव्हा गाळणयंत्र टाकीच्या मापाहून दुप्पट-तिप्पट क्षमतेचे घ्यावे. आठवड्यास निदान चौथा हिस्सा पाणी बदलावे, व नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग ओतावे.

कोरडी जागा व ऊन

पाण्यातील कासवालाही पूर्णपणे कोरडे होता आले पाहिजे. त्यासाठी पाण्याबाहेर लाकूड, विटेचा चौथरा किंवा बुचाची फळी ठेवून तिला उतार द्यावा, म्हणजे पिलास सहज चढता येईल. त्या जागी वरून दिवा लावून ३२ ते ३५ अंश ऊब ठेवावी. अंदाजाने चालू नये. पिलाची पाठ जेथे येते तेथेच उष्णतामापक ठेवून पाहावे. टाकीचे दुसरे टोक मात्र थंड राहू द्यावे. ऊब व गारवा ह्यांत हिंडून कासव आपले उष्णतामान स्वतः ठरविते. ही निवड करण्याची मोकळीक त्यास देणे, हेच आपले काम.

उबेबरोबर प्रकाशही हवा. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून अन्नातील चुना हाडांत मुरत नाही. कासवाचे कवच म्हणजे त्याचा कणा व बरगड्या ह्यांपासून बनलेले जिवंत हाडच असल्यामुळे ते मऊ पडते व वेडेवाकडे वाढते. त्यावर रंग देणे हाही म्हणूनच अत्याचार होय. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे उपयोगी पडत नाही, कारण ड जीवनसत्त्व घडविणारे किरण काच अडविते. घरात ह्यासाठी खास दिवा मिळतो. तो दिवसास दहा ते बारा तास जळावा व रात्री अंधार असावा. दिवा डोळ्यांस तेजस्वी दिसला तरी त्यातील हे किरण हळूहळू क्षीण होतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो.

आपल्या देशात ऊन मुबलक आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिलास अर्धा तास एका घमेल्यात ठेवणे फार हितावह. मात्र घमेल्यात पाणी असावे, अर्ध्या भागावर सावली असावी, वर जाळी असावी आणि जवळ माणूस असावे. कावळा व मांजर ह्यांस पिलू म्हणजे आयता घास. काचेची टाकी उन्हात ठेवू नये. तिच्यातील पाणी थोड्याच वेळात इतके तापते की पिलू भाजून निघते.

आहार

हे कासव लहानपणी मुख्यतः मांसाहारी असते व वाढत्या वयाबरोबर अधिकाधिक वनस्पती खाऊ लागते. पिलास पहिले वर्षभर रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढे अन्न पुरे होते. कासवांसाठी तयार केलेल्या गोळ्या, गांडुळे, लाल भोपळ्याचा किंवा गाजराचा कीस, आणि पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढ्या पानांची वनस्पती, असा मिश्र आहार असावा. अन्न पाण्यातच द्यावे, कारण जमिनीवर त्यास घास गिळता येत नाही. भात, पाव, दूध देऊ नये. नुसत्या सुकटीवर वाढविलेल्या पिलांस अ जीवनसत्त्व कमी पडते. त्यांचे डोळे सुजून मिटतात, दिसत नाही म्हणून ती खात नाहीत, आणि उपाशी मरतात. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. कासव तो आपल्या गरजेप्रमाणे कुरतडते.

डोळे सुजणे, नाकातून बुडबुडे येणे, एका अंगाने कलून तरंगणे, कवच बोटाखाली दबणे, ह्यांपैकी काहीही दिसताच पशुवैद्यास दाखवावे.

घरातील मुलांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी माणसास जुलाब व ताप येतो. लहान पिले मुले हातात धरतात, तोंडाजवळ नेतात, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली, व ती आजही चालू आहे. कासवास किंवा त्याच्या पाण्यास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. आणि पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर कासव आणूच नये, असे आम्ही पालकांस आग्रहाने सांगतो.

शेवटचा मोह

पिलू वाढते, टाकी अपुरी पडते, घाण वाढते, मग कोणी तरी म्हणतो, “त्याला तळ्यात सोडून देऊ, बिचारे मोकळे होईल.” ही दया दिसते, पण दया नव्हे. लालकाने कासव दणकट व खादाड आहे. उन्हाची जागा व अन्न ह्यांसाठी ते देशी कासवांस मागे सारते, आणि आपले रोग त्यांस देते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जगातील शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात थांबविली. जपानने २०२३ साली त्याची विक्री व त्यास मोकळे सोडणे ह्यांवर बंदी घातली. एका मुलाने सोडलेले एक कासव, असे हजारो घरांतून घडले, त्याचा हा परिणाम. सांभाळणे अशक्यच झाले, तर वनविभागाचा अथवा प्राणिरक्षण करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. तळे, नदी, विहीर ही ठिकाणे वर्ज्य समजावीत.

पालकांस आमची विनंती आहे की, वाढदिवसाची भेट म्हणून पिलू देऊ नये. एखाद्या मुलाने खरोखर हट्ट धरला, तर आधी टाकी, दिवा व गाळणयंत्र आणून महिनाभर रिकामी टाकी त्याच्याकडून सांभाळवून घ्यावी: रोज उष्णतामान लिहावे, दर आठवड्यास पाणी बदलावे. महिना संपण्यापूर्वी त्यास कंटाळा आला, तर एक जीव वाचला असे समजावे. आणि त्याचा नेम टिकला, तर एखाद्या घरात कंटाळून टाकलेले कासव त्याच्या स्वाधीन करावे, म्हणजे नवे पिलू विकत घेण्याचे कारणही उरणार नाही. देवाने मनुष्यास प्राण्यांवर सत्ता दिली ती धन्याची नव्हे, कारभाऱ्याची होय. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशा टाकीत किती लिटर पाणी मावेल? ती किती इंचांच्या कासवापर्यंत पुरेल?
२. खिडकीत ठेवलेल्या टाकीतील कासवाचे कवच मऊ का पडते?
३. गाळणयंत्राचा स्पंज नळाखाली धुतल्यास पाण्यात कोणता पदार्थ वाढेल, व का?
४. तळ्यात कासव सोडणे ही दया का नव्हे, हे दहा ओळींत लिहा.