पडद्यावरचा खेळ आणि पडद्यावरची गोष्ट



गेल्या सुट्टीत सोलापूरच्या आमच्या घरी माझा पुतण्या संगणकावर व्हिडिओ गेम खेळत बसला होता. मध्येच खेळ थांबला आणि पडद्यावर सिनेमासारखे दृश्य सुरू झाले. पात्रे बोलू लागली, संगीत वाजू लागले. अशा दृश्याला ‘कटसीन’ म्हणतात. पुतण्याने एक बटण दाबून ते सारे पुढे ढकलले. पाच मिनिटांनी तो मला विचारू लागला, “काका, आता कुठे जायचं?” मी म्हणालो, “अरे, मघाशी तेच सांगत होते!” त्यावर तो म्हणाला, “पण तेव्हा मला खेळायचं होतं ना!”

मला वाटते, त्या दिवशी आम्हा दोघांचेही बरोबर होते. सिनेमाच्या पद्धतीने सांगितलेली गोष्ट खेळाला मदत करते की अडथळा आणते? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे, असे समजू नका. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे आणि थोडे गणितही आहे.

सिनेमाचे चित्र आणि गेमचे चित्र

सिनेमात दर सेकंदाला २४ चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात. ती सर्व आधीच तयार असतात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली ज्यांनी पाहिला, त्या सर्वांना तीच चित्रे त्याच क्रमाने दिसली. प्रेक्षक हसला काय किंवा रडला काय, पुढचे चित्र बदलत नाही.

गेमचे तसे नाही. अनेक गेममध्ये सेकंदाला ६० चित्रे दिसतात आणि प्रत्येक चित्र यंत्र त्याच वेळी गणित करून काढते. एका चित्रासाठी वेळ मिळतो १/६० सेकंद, म्हणजे सुमारे १७ सहस्रांश सेकंद! एवढी घाई कशासाठी? कारण तुम्ही कोणते बटण दाबणार हे यंत्राला आधी ठाऊक नसते.

आपल्या सोलापुरी चादरीचे उदाहरण घ्या. जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. मोराची मान कोणीकडे वळणार हे भोके पाडतानाच ठरलेले असते. माग चालवणाऱ्याला मध्येच ती मान फिरवता येत नाही. सिनेमा हा असा पुठ्ठ्यांवर बांधलेला नक्षीकाम आहे. खेळ मात्र हातकशिद्यासारखा असतो. पुढचा टाका कोठे घालायचा हे सुई धरणारा हात त्या क्षणी ठरवतो. कटसीन म्हणजे कशिदा चालू असताना मध्येच चिकटवलेला चादरीचा तुकडा. तो सुंदर असू शकतो, पण तो तुमच्या हातचा नसतो.

तुटलेले वर्तुळ

नवी पेठेतल्या गर्दीतून सायकल चालवताना काय होते ते आठवा. डोळा पाहतो, मेंदू ठरवतो, हात हँडल वळवतो, सायकल वळते आणि झालेला बदल डोळा पुन्हा पाहतो. या वर्तुळाला शास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. व्हिडिओ गेमचा सारा आनंद या वर्तुळात असतो. कटसीन सुरू झाले की हात आणि यंत्र यांमधला दुवा तुटतो. डोळा पाहत राहतो, हात मात्र रिकामा होतो.

हे वर्तुळ किती वेगाने फिरते? एक सोपा प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा व तर्जनी न टेकवता उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. समजा, पट्टी २० सेंटिमीटर खाली आल्यावर पकडली गेली. अंतर ०.२ मीटर, गुरुत्वत्वरण ९.८. अंतराची दुप्पट करा, तिला ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ०.२ सेकंद. तेवढ्या वेळात गेमची १२ चित्रे होऊन जातात. आता तीन मिनिटांचे कटसीन घ्या. १८० सेकंदांत ०.२ सेकंद ९०० वेळा बसतात. इतका वेळ हाताला काम नाही! पुतण्याचा हात बटणाकडे का गेला, हे आता लक्षात आले असेल.

फाट्यांचे गणित

मग खेळणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलणारा सिनेमा का बनवू नये? गणित करून पाहू. समजा, गोष्टीत १० फाटे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय आहेत. पहिल्या फाट्यानंतर २ दृश्ये लागतील, दुसऱ्यानंतर ४, तिसऱ्यानंतर ८, असे करत दहाव्यानंतर १०२४. एकूण बेरीज २०४६. प्रत्येक दृश्य दोन मिनिटांचे धरले तरी ४०९२ मिनिटे, म्हणजे ६८ तासांहून अधिक चित्रीकरण झाले. आणि एका खेळात खेळणाऱ्याला दिसतील त्यांतली फक्त २० मिनिटे.

हा खर्च परवडत नाही, म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणल्या जातात. सोलापूरहून मोहोळमार्गे जा किंवा मंगळवेढ्यामार्गे जा, शेवटी पंढरपूरच! निवड केल्यासारखे वाटते, पण मुक्काम ठरलेला असतो. १९८३ साली अमेरिकेत ‘ड्रॅगन्स लेअर’ नावाचा गेम आला. त्यातली चित्रे डॉन ब्लूथ या नामवंत चित्रकाराच्या चमूने हाताने काढली होती आणि ती लेझर तबकडीवरून दाखवली जात. चित्रे अप्रतिम होती. पण खेळणाऱ्याने करायचे काय, तर नेमक्या क्षणी दांडी योग्य दिशेला ढकलायची किंवा तलवारीचे बटण दाबायचे. चुकले तर नायक मेला. चित्र जितके आधी तयार, तितकी हाताची मोकळीक कमी.

मग गोष्ट नकोच का?

गोष्टीशिवाय खेळ होऊ शकतो. १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखवला. त्यात ना राजा होता, ना राक्षस. पण दरीवरून उडी मारताना पलीकडे आपला धाकटा भाऊ अडकला आहे हे ठाऊक असेल, तर त्याच उडीचे वजन बदलते. हे वजन गोष्ट देते. शिवाय हातालाही विसावा हवा असतो. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये काही फेऱ्यांनंतर छोटीशी गमतीदार दृश्ये येत. ती पाहून खेळणारा ताजातवाना होई.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा गेम प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या राजी या मुलीची ही गोष्ट. मूळ आवृत्तीत गोष्ट अनेक रीतींनी सांगितली आहे. एक रीत छायाबाहुल्यांच्या दृश्यांची. कुडाळजवळच्या पिंगुळीचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, त्या खेळाची आठवण व्हावी अशी ही दृश्ये आहेत. ती चालू असताना हात थांबतो. दुसरी रीत अशी, की राजी चालत असताना दुर्गा आणि विष्णू यांचे संभाषण ऐकू येते. कान गोष्टीत असतात, हात खेळात असतो. तिसरी रीत भिंतींवरच्या चित्रांची. खेळणारा चित्रापाशी थांबला तर त्याला कथा मिळते. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीत वर्तुळ तुटत नाही, हे लक्षात घ्या. १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’ या गेमनेही हेच साधले. आरंभी नायक गाडीतून प्रयोगशाळेकडे जातो. गाडी ठरल्या वाटेनेच जाते, पण डब्यात फिरायला आणि बाहेर पाहायला खेळणारा मोकळा असतो.

माझे मत

गोष्ट खेळाला मारक नाही. सिनेमाची रीतही थोडी वापरली तर उपकारक ठरते. ती मारक ठरते एकाच वेळी. तासभर धडपडून तुम्ही एखाद्या क्षणापाशी पोहोचता आणि नेमका तो क्षण कटसीन तुमच्या हातून काढून घेते. भावाची बेडी तोडायची असेल तर ती खेळणाऱ्याच्या हाताने तुटली पाहिजे. ती कशासाठी तोडायची हे आधी सांगायला सिनेमा खुशाल यावा.

पण माझ्या मतावर विसंबू नका, मोजून पाहा. पुढच्या वेळी खेळताना एका मित्राला घड्याळ देऊन शेजारी बसवा. अर्ध्या तासात तुमचा हात किती मिनिटे रिकामा होता, हे त्याने वहीत मांडावे. प्रत्येक कटसीननंतर तुम्ही एका प्रश्नाचे उत्तर लिहा : “हे पाहिल्यामुळे माझी पुढची कृती बदलली का?”

आमच्या घरी हा प्रयोग झाला. तीस मिनिटांत पुतण्याचा हात नऊ मिनिटे रिकामा होता. पाच दृश्यांपैकी दोनांपुढे त्याने ‘हो’ लिहिले. त्या दोन दृश्यांच्या वेळी मात्र त्याचा हात बटणाकडे गेला नव्हता. तुमच्या वहीत काय येते?