थांबायचं असेल तर तारीख हवी

मे महिना लागला की आमच्या दहिसरच्या सोसायटीत एक प्रश्न हमखास माझ्या दारात येतो. "काका, लॅपटॉप आत्ता घेऊ, की नवीन प्रोसेसर येईपर्यंत थांबू?" विचारणारा कधी बारावी झालेला मुलगा असतो, कधी नोकरी बदललेली सून, तर कधी वहीतले हिशेब संगणकावर आणू पाहणारे दुकानदार शेजारी. कचेरीत बरीच वर्षं संगणक खरेदीचं काम माझ्याकडे होतं, म्हणून लोक हक्कानं विचारतात. माझं उत्तर मात्र कचेरीत तयार झालं नाही. २०२० साली माझ्या बहिणीच्या घरी जे घडलं, त्यातून ते पक्कं झालं.

बहीण रावळपाड्यात राहते. भाची तेव्हा बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी सुटली होती आणि बॅटरी पार गेली होती. चार्जरची पिन जरा हलली की लॅपटॉप बंद. त्याच जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात एएमडी कंपनीनं लॅपटॉपसाठी रायझन ४००० ही नवी मालिका जाहीर केली. भाचीनं त्याबद्दल सगळं वाचलं होतं आणि तिची माहिती बरोबरच होती. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये आठ कोअरचा प्रोसेसर त्या मालिकेनं आणला.

फेब्रुवारीत आम्ही लोकलनं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. एक लॅपटॉप पसंत पडला, भावही ठरला. पण भाची म्हणाली, "मामा, नवीन येतायत. परीक्षा होऊ दे, मेमध्ये घेऊ." भाऊजींनाही ते पटलं. नवे आले की जुन्यांचा भाव उतरेल, असा त्यांचा हिशेब. आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिलमध्ये जुन्या लॅपटॉपची स्क्रीन गेली. दुरुस्तीची दुकानं बंद होती आणि ऑनलाइन मागवायचं तर फक्त जीवनावश्यक वस्तू येत होत्या. प्रोजेक्टचा अहवाल भाचीनं मोबाईलवर अंगठ्यानं टाइप केला. पण प्रोग्रॅम मोबाईलवर चालवणार कसा? तेवढ्यात एका कंपनीची नोकरीसाठीची ऑनलाइन चाचणी आली. ती फक्त संगणकावरच देता येत होती. घरात चालू संगणक नव्हता आणि शेजाऱ्यांच्या घरी जाण्यासारखे ते दिवस नव्हते. ती चाचणी हुकली.

दुकानं उघडली तोवर अख्खी मुंबई घरून काम करू लागली होती. मुलांचे वर्गही ऑनलाइन भरत होते आणि दुकानांतला माल संपला होता. ज्याच्यासाठी थांबलो तो रायझन ४००० चा लॅपटॉप आमच्या बजेटमध्ये कुठेच मिळेना. शेवटी जो मिळाला, तो फेब्रुवारीत पाहिलेल्यापेक्षा महाग होता आणि त्यात रॅमही कमी होती.

कुणी म्हणेल, महामारी काय रोज येते? नाही येत. पण ती स्क्रीन महामारीमुळे गेली नव्हती. बिजागरी सुटलेल्या लॅपटॉपची स्क्रीन आज ना उद्या जाणारच होती. शिवाय बाजारात दर एक-दोन वर्षांनी काही ना काही उलथापालथ होतेच. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. तेवढ्या घबराटीत काहींनी गरज नसताना खरेदी उरकली. पुढे ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन नोंदणीची सोपी पद्धत आली आणि दुकानांतला माल आटला नाही. म्हणजे धास्तीनं केलेली घाईसुद्धा फुकटच गेली.

२०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली, तेव्हा आमच्याच इमारतीतल्या दोन घरांनी लॅपटॉपची खरेदी थांबवली. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होता, तो तिथेच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तर उलटं घडलं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली की रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. मायक्रॉन कंपनीनं घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. संगणक दर वर्षी स्वस्तच होणार हे आपण धरून चालतो, पण तसा नियम नाही.

नव्याच्या चाहुलीनं आजची खरेदी थांबते, ही गोष्ट संगणकाच्या धंद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. बालपण तमिळनाडूत घालवलेल्या अ‍ॅडम ऑस्बॉर्न यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत 'ऑस्बॉर्न १' हा हातात उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. त्याचं वजन सुमारे ११ किलो आणि पडदा पाच इंचांचा. तो धडाक्यानं खपला. मग कंपनीचं पुढचं मॉडेल येतंय ही बातमी पसरली. विक्रेते आणि गिऱ्हाइकं थांबली, जुना माल पडून राहिला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ती बुडण्यामागे इतरही कारणं होती. तरीही अशा थांबण्याला संगणकाच्या जगात आजही ऑस्बॉर्न यांच्याच नावानं ओळखतात.

म्हणजे कधीच थांबू नये का? तसं नाही. कांदरपाड्यातले माझे एक स्नेही व्हिडिओ एडिटिंग करतात. २०२० मध्येच त्यांना नवं मॅकबुक घ्यायचं होतं. २२ जूनला अ‍ॅपलनं जाहीर केलं, की इंटेलचे प्रोसेसर सोडून आम्ही स्वतःची चिप आणतोय आणि तिचा पहिला मॅक याच वर्षी येईल. स्नेह्यांचं जुनं मॅकबुक व्यवस्थित चालत होतं. ते थांबले. १० नोव्हेंबरला एम१ चिप आली. मॅकबुक एअरची किंमत ९२,९०० रुपये, म्हणजे जवळपास मार्चमध्ये आलेल्या इंटेलच्या एअरइतकीच. बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकणारी, आणि आत पंखाच नाही. त्यांच्या कामाचा वेग बदलून गेला.

दोघंही थांबले त्याच वर्षी. भाचीच्या हातात चालू लॅपटॉप नव्हता, स्नेह्यांच्या हातात होता. भाचीला हवा असलेला लॅपटॉप आपल्या दुकानात, आपल्या भावात कधी मिळेल हे कुणीच सांगितलं नव्हतं. स्नेह्यांना वर्षअखेरची मुदत खुद्द कंपनीनं दिली होती. म्हणून आता मला कुणी विचारलं की मी आधी चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, हातातला संगणक आजचं काम नीट करतोय का? इथे उत्तर 'नाही' आलं, तर पुढचे तीन प्रश्न विचारूच नका, घेऊन टाका. 'हो' आलं, तर त्याची सुरक्षाही तपासा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढवलेली सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक सगळ्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. बँकेचे व्यवहार अशा लॅपटॉपवर करत असाल, तर तुमच्या थांबण्यालाही मुदत आहे.

दुसरा प्रश्न, येणाऱ्या वस्तूची तारीख कंपनीनं स्वतः सांगितली आहे का? नवे प्रोसेसर बहुधा जानेवारीत लास व्हेगासला जाहीर होतात. पण जाहीर होणं वेगळं आणि आपल्या भावातला लॅपटॉप बोरिवलीच्या दुकानात येणं वेगळं. आधी महागडी मॉडेल्स येतात, मधल्या किमतीची नंतर. त्यात महिने जातात.

तिसरा, नव्यात जे येतंय ते माझ्या कामाचं आहे का? २०२४ पासून कोपायलट प्लस नावाचे लॅपटॉप आले. त्यांत सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एआयसाठीचा वेगळा भाग असतो. पण बी.कॉम.च्या मुलाला टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन वर्ग एवढंच करायचं असेल, तर त्याला त्या भागाचा फारसा उपयोग नाही. व्हिडिओ, थ्रीडी किंवा मोठी प्रोग्रॅमिंगची कामं करणाऱ्यानं मात्र हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा.

चौथा, थांबण्याची शेवटची तारीख ठरवली आहे का? ती घरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी जे चांगलं मिळेल ते घ्यायचं. तारीख नसेल, तर मार्चचं मे होतं, मेची दिवाळी होते आणि तोवर आणखी एक नवी पिढी जाहीर झालेली असते.

पैशांचा हिशेबही मांडून पाहा. साठ हजारांचा लॅपटॉप पाच वर्षं चालला, तर महिन्याला हजार रुपये पडतात. तीन महिने थांबलात तर तीन हजारांचा वापर पुढे ढकलला गेला, आणि सेलमध्ये समजा चार हजार सुटले. एकूण फायदा सात हजारांचा. जुना लॅपटॉप नीट चालत असेल, तर हे सात हजार खरोखर तुमचे. पण तो बंद असेल, तर त्या तीन महिन्यांत बुडालेला प्रोजेक्ट, हुकलेली मुलाखत, सायबरमध्ये घातलेले पैसे समोर मांडा. भाचीच्या बाबतीत तर हा हिशेब करायलाही बसावं लागत नाही.

थांबायचं ठरलंच, तर त्याचा उपयोग नवं मॉडेल घेण्यापेक्षा जुनं स्वस्तात घेण्यासाठी जास्त होतो. नवी मालिका दुकानात आली की मागच्या वर्षीच्या चांगल्या लॅपटॉपवर सूट लागते. स्वातंत्र्यदिनाच्या आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्येही भाव उतरतात, पण आधीचा भाव लिहून ठेवा, म्हणजे सूट खरी की खोटी ते कळेल. बिनव्याजी हप्ते घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्या.

आणि नवं म्हणजे नेमकं काय, हे डब्यावरच्या नावावरून ठरवू नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०यू, दोन्ही '७०००' मालिकेतले. पण यातला तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात झेन २ आहे, दुसऱ्यात झेन ४. झेन २ ही २०१९ सालची रचना. म्हणजे नव्यासाठी थांबून जुनंच घरी आणण्याची पाळी येऊ शकते. दुकानदाराकडून प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या आणि घरी येऊन तपासा.

आज घेणाऱ्यासाठी माझा किमान आग्रह असा. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असेल, तर ती पुढे वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच पुरेशी घ्या. गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून चर्चगेटला रोज जाणाऱ्यानं दीड किलोच्या आसपासचा घ्यावा. जाड गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा वीटभर चार्जर रोज वाहणं जिवावर येतं. बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा ज्यांची बॅटरी चांगली होती त्यांचंच काम चालू राहिलं. सर्व्हिस सेंटर बोरिवली किंवा अंधेरीत आहे का, हे आधी विचारा. दहिसर पूर्वेहून मेट्रोनं अंधेरी आता सोपी आहे, पण बंद लॅपटॉप घेऊन दोन-दोनदा दक्षिण मुंबई गाठणं सोपं नाही. बिल जीएसटीचंच घ्या. वॉरंटीसाठी तेच लागतं.

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि जे नियमित हिशेब ठेवतात, त्यांच्यासाठी तारखेला आणखी एक अर्थ आहे. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला, तर त्या वर्षी निम्माच मिळतो. म्हणजे खरेदी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरअखेर यांत फरक पडतो. जीएसटी नोंदणी असेल, तर व्यवसायासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच्या कराची वजावटही मिळू शकते. आपल्या सीएला एक फोन करा.

शेवटी पालकांना कळकळीनं सांगतो. पोराचं काम अडलं असेल, तर बाजारात पुढे काय येणार याची वाट पाहू नका. आज मिळणारा, पुरेशी रॅम आणि नीट वॉरंटी असलेला लॅपटॉप त्याला घेऊन द्या. काम अडलं नसेल, तर खुशाल थांबा, पण शेवटची तारीख आजच ठरवा आणि ती पाळा.